धुक्याच्या मुलखातील गोधन

संस्कृतातील ‘गो’ हा शब्द आपणां भारतीयांस किती जिव्हाळ्याचा आहे, हे सांगावयास नकोच. परंतु येथून हजारो किलोमीटर दूर, युरोपच्या वायव्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या लाटा झेलणाऱ्या डोंगराळ बेटांवरही गाईला जवळजवळ याच नावाने ओळखतात, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत गाईला ‘बो’ म्हणतात. ‘गो’ आणि ‘बो’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन शब्दापासून निघाले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. काळाच्या ओघात भाषा एकमेकींपासून दूर गेल्या, हवापाणी बदलले, चालीरीती बदलल्या. गाईचे नाव मात्र दोन्हीकडे टिकून राहिले.

त्या मुलखातील हायलंड गाईचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेही असेल. बिस्किटांच्या डब्यावर, दिनदर्शिकेवर, भेटकार्डावर ती हमखास भेटते. तांबूस सोनेरी लांब केस, डोळ्यांवर आलेली झुलपे, दोन्ही बाजूंना पसरलेली कमानदार शिंगे आणि पाठीमागे धुक्यात बुडालेला डोंगर! चित्र मोठे मोहक असते. परंतु त्या चित्राच्या चौकटीबाहेर एक घर असते. त्या घराला हिवाळ्याची वैरण साठवावी लागते, मुलांचे शिक्षण करावे लागते आणि वर्षाच्या शेवटी जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी लागते. त्या घराची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

पाऊस आणि खडक

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागास हायलंड म्हणतात. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत स्काय, मल, यूइस्ट, लुइस अशी लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. स्काय बेट सुमारे ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जून महिन्यात रात्री दहा वाजून गेले तरी तेथे उजेड असतो, आणि डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास उगवलेला सूर्य दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. सह्याद्रीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस तेथील पावसाचे आकडे ऐकून नवल वाटणार नाही. पश्चिम हायलंडच्या काही डोंगरांवर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मात्र आपला पाऊस चार महिने कोसळून निघून जातो, आणि मग आपण निळ्या आकाशाखाली सुगी करतो. तिकडचा पाऊस बारा महिने येत-जात राहतो. गवत वाळवण्यासाठी सलग चार कोरडे दिवस मिळाले, तर शेतकरी स्वतःस भाग्यवान समजतो.

जमिनीचीही तीच कथा. वर्षानुवर्षे पाण्यात कुजलेल्या वनस्पतींचे काळे, स्पंजासारखे थर अनेक ठिकाणी खडकावर साचलेले आहेत. त्यास ‘पीट’ म्हणतात. हे पीट विटांसारखे कापून, उन्हावाऱ्यात वाळवून चुलीत जाळण्याची तेथील जुनी रीत आहे. अशा आंबट, ओलसर जमिनीत गहू पिकत नाही. उगवते ते राठ गवत, हेदर नावाचे जांभळ्या फुलांचे झुडूप आणि डोंगरउतार व्यापून टाकणारा ब्रॅकन नावाचा नेचा. माणसाला यांपैकी काहीच खाता येत नाही. गाईला मात्र त्यातून पोट भरता येते, आणि या एका गोष्टीवरच तेथील माणसाने शतकानुशतके संसार चालविला.

या मुलखातील लहान शेताला ‘क्रॉफ्ट’ म्हणतात. असा क्रॉफ्ट साधारणपणे पाच हेक्टरांच्या आसपास असतो. त्याखेरीज गावच्या सामाईक कुरणात त्या घराचा हिस्सा असतो. हे सामाईक कुरण म्हणजे आपल्याकडील गायरानच म्हणा ना! फरक एवढाच की, कोणत्या घराने तेथे किती गाई व किती मेंढ्या सोडाव्यात, हे प्रमाण ठरलेले असते आणि गावकऱ्यांची समिती त्यावर लक्ष ठेवते. आज स्कॉटलंडमध्ये असे २०,००० हून अधिक क्रॉफ्ट आहेत. क्रॉफ्ट म्हणजे कायद्यांनी वेढलेला जमिनीचा लहानसा तुकडा, अशी एक थट्टा तेथे नेहमी ऐकावयास मिळते. या थट्टेमागे जो इतिहास आहे, त्याकडे आपण थोड्याच वेळात वळू.

अंगावरचे घोंगडे

हायलंड गाय ही उंचीने लहान, पण अंगाने भरलेली असते. तिचे वजन सामान्यतः ४०० ते ५०० किलो असते. वळू त्याहून बराच जड असतो. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर मऊ, लोकरीसारखा; तो ऊब धरून ठेवतो. बाहेरचा थर लांब व तेलकट केसांचा. त्यावरून पावसाचे पाणी ओघळून जाते. हे केस काही ठिकाणी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. गाईच्या कोणत्याही अन्य जातीचे केस इतके लांब नसतात. कपाळावरची झुलपे डोळ्यांचे वारा, पाऊस आणि माश्या यांपासून रक्षण करतात.

आपल्या वाचकांस या ठिकाणी हिमालयातील याक आठवेल. महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित इगतपुरी-अकोले भागातील डांगी गुरे आठवतील. डांगी गुराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, आणि म्हणून मुसळधार पावसातही ते भाताच्या खाचरात उभे राहू शकते. पावसाच्या मुलखात गुराला तेलाचे आवरण हवे, हे निसर्गाने दोन्हीकडे ओळखले. एके ठिकाणी ते कातडीला दिले, दुसऱ्या ठिकाणी केसांना.

या केसाळ पांघरुणाचा आणखी एक परिणाम होतो. थंडीपासून बचाव करण्यासाठी इतर जातींच्या गुरांना कातडीखाली चरबीचा जाड थर लागतो. हायलंड गाईला तो तितकासा लागत नाही. ती बाराही महिने उघड्यावर राहू शकते. गोठा बांधण्याचा खर्च वाचतो. खुराकही कमी लागतो. गरीब मुलखाला परवडेल अशीच ही गाय आहे. मात्र तिची वाढ सावकाश होते. कालवड बहुधा तीन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. त्यानंतर मात्र ती दीर्घकाळ साथ देते. काही गाई वीस वर्षांपर्यंत जगतात आणि म्हातारपणापर्यंत वासरे देत राहतात.

तांबडा रंग चित्रांमुळे सर्वपरिचित झाला असला, तरी या गाई काळ्या, पिवळसर, करड्या, पट्टेरी आणि पांढऱ्याही असतात. पूर्वी बेटांवर काळी गुरेच अधिक होती. राणी व्हिक्टोरियाला तांबड्या गाई आवडल्या आणि मग सरदार-जमीनदारांनी तोच रंग उचलून धरला, अशी आख्यायिका सांगतात. नावे ठेवण्याची रीत मात्र आपल्यासारखीच. आपल्याकडे तांबू, ढवळी, कपिला अशी नावे असतात. तिकडेही तांबड्यासाठी ‘रूअ’, काळ्यासाठी ‘डू’, पिवळ्यासाठी ‘बुइ’ हे गेलिक शब्द गाईच्या नावात हटकून येतात. कळपाला तेथे ‘फोल्ड’ म्हणतात. पूर्वी रात्री गुरे दगडी वाडग्यात कोंडीत असत. त्या वाडग्याचेच नाव पुढे कळपाला मिळाले. या जातीचे संवर्धन करणारी संस्था १८८४ मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी या गुरांच्या वंशावळीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

समुद्र पोहून गेलेली गुरे

रेल्वे आणि आगबोटी येण्यापूर्वी या डोंगरांतून विकण्याजोगे जे काही बाहेर जात असे, त्यात गुरे मुख्य होती. ती स्वतःच्या पायांनी जात. आपल्याकडे जसे हेडे बैलांचे तांडे बाजारोबाजार हाकीत नेत, तसेच तिकडचे हेडे शेकडो गुरे घेऊन डोंगरवाटांनी दक्षिणेकडे निघत. सदऱ्यात ओटचे पीठ, सोबत कांदे आणि थोडी मद्याची शिदोरी एवढ्यावर त्यांचा प्रवास चाले. रात्री ते गुरांजवळच उघड्यावर झोपत.

स्काय बेटातील गुरांची वाट समुद्राने अडविलेली होती. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील कायलरे येथील खाडी अवघी अर्धा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. परंतु भरती-ओहोटीच्या वेळी तेथून पाणी नदीसारखे वेगाने वाहते. पाणी स्थिर होण्याची वेळ साधून हेडे गुरांना ओळीने बांधीत. प्रत्येक गुराच्या खालच्या जबड्याला दोरी बांधून ती पुढच्या गुराच्या शेपटीला जोडीत; जीभ मोकळी ठेवीत, म्हणजे श्वास कोंडत नसे. पहिल्या गुराचा दोर नावाडी धरी आणि नाव पलीकडे ग्लेनेल्गच्या किनाऱ्याकडे निघे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दरवर्षी हजारो गुरे अशा रीतीने समुद्र पोहून जात. त्याच जागी आजही उन्हाळ्यात एक लहान नाव चालते. १९६९ मध्ये बांधलेल्या या नावेचा फिरता तक्ता माणसे हाताने ढकलून वळवितात आणि मोटारी उतरवून घेतात. ही नाव तेथील गावकऱ्यांच्याच मालकीची आहे.

पलीकडे गेलेली गुरे आधीच्या काळी क्रीफच्या, आणि नंतर फाल्कर्कच्या मोठ्या बाजारात पोचत. तेथे इंग्लंडचे व्यापारी ती विकत घेत, त्यांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकीत आणि आणखी दक्षिणेकडे नेत. हेडे परतीच्या वाटेवर कुठे मजुरीस थांबले, तर कुत्र्यांना एकटेच घरी पाठवून देत. आणि वाटेतील खानावळवाले त्या कुत्र्यांना खाऊ घालून पुढच्या फेरीस धन्याकडून पैसे वसूल करीत, असे सांगतात.

पुढे या मुलखावर मोठे संकट आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांना गुरांपेक्षा मेंढ्यांत अधिक नफा दिसू लागला. डोंगरदऱ्यांतील कुटुंबांना घरांतून हुसकावून समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यांवर बसविण्यात आले; हजारो लोक कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे निघून गेले. १८४६ मध्ये बटाट्याचे पीक रोगाने नासले आणि उरलेल्यांचे हाल झाले. अखेर १८८२ च्या एप्रिलमध्ये स्काय बेटातील ब्रेज येथील शेतकऱ्यांनी ठिणगी टाकली. त्यांचे मागणे मोठे नव्हते. बेन ली नावाच्या डोंगरावर पूर्वापार चारीत आलेली गुरे पुन्हा तेथे चारू द्यावीत, एवढेच ते म्हणत होते. त्यांना पकडण्यासाठी ग्लासगोहून पन्नासच्या आसपास पोलीस आले, तेव्हा गावातील पुरुषांबरोबर स्त्रियांनीही दगडगोट्यांनी त्यांचा सामना केला. त्या चकमकीचा आवाज लंडनपर्यंत पोचला. १८८३ मध्ये चौकशी समिती नेमली गेली, आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टवरील कुळांना संरक्षण मिळाले. खंड वाजवी ठरू लागला, कुळास विनाकारण काढून टाकता येईना, आणि क्रॉफ्ट वारसाकडे सोपविता येऊ लागला. वाचकहो, एका डोंगरावरील चराईच्या हक्कासाठी सुरू झालेल्या भांडणातून हा कायदा जन्मला, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील माणसाला आपल्या चार-सहा गाईंविषयी इतके ममत्व का वाटते, याचा उलगडा होतो.

वर्षाचे चक्र

आता आपण कल्पनेनेच अशा एका क्रॉफ्टवर जाऊ. घरात आजीबाई आहेत, त्यांचा मुलगा व सून आहेत, आणि शिक्षणासाठी शहरात राहणारी एक नात आहे. दावणीला म्हणावे तर सहा गाई आहेत. पण दावण नाहीच, कारण गाई रानात असतात. मुलगा सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवितो. सून घरातील एक खोली उन्हाळ्यात प्रवाशांना भाड्याने देते. अशा जोडधंद्यावाचून आज क्रॉफ्टवरील घर चालत नाही. पूर्वीही ते मासेमारीवाचून किंवा हंगामी मजुरीवाचून चालत नव्हते.

गाईंचे विण्याचे दिवस वसंतात येतात. हायलंड गाय बहुधा माणसाच्या मदतीवाचून, रानातच विते. एखाद्या पहाटे पाच गाई फाटकाजवळ दिसतात आणि सहावी दिसत नाही. मग मुलगा बसच्या वेळेआधी तिला शोधावयास निघतो. गाय वासराला उंच गवतात किंवा नेच्याच्या आड लपवून स्वतः दूर चरत उभी राहते, जणू काही घडलेच नाही. अशा वेळी वासराच्या दिशेने जाणाऱ्याने सावध असावे. एरवी शेळीसारखी गरीब असणारी ही गाय वासरासाठी शिंगे रोखावयास मागेपुढे पाहत नाही. वासरू चीक प्याले की नाही, एवढे दुरून पाहून मुलगा परततो. वीस दिवसांच्या आत वासराच्या दोन्ही कानांत क्रमांकाचे बिल्ले लावावे लागतात. १९९६ पासून तेथे प्रत्येक गुराला जन्मस्थान व आईचा क्रमांक नोंदलेला ‘पासपोर्ट’ देण्याची पद्धत सुरू झाली. डोंगरात लपून जन्मलेल्या वासरालाही सरकारदरबारी हजर व्हावेच लागते, असे आजीबाई हसून म्हणाव्यात!

मे महिन्यात गुरे वरच्या कुरणात जातात. पूर्वी एक मे हा दिवस मोठा मानीत. त्या दिवशी दोन होळ्या पेटवून गुरांना त्यांच्यामधून नेत. त्यामुळे वर्षभर रोगराई दूर राहते, अशी श्रद्धा होती. म्हैसूर भागात संक्रांतीला गुरांना विस्तवावरून उडविण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे अगदी ओळखीचे वाटेल. त्यानंतर गावातील स्त्रिया व मुले गुरांबरोबर डोंगरावर जात, दगडमातीच्या झोपड्यांत उन्हाळा काढीत, आणि दूध, लोणी, चीज यांचा साठा करीत. दोहताना म्हणावयाची त्यांची खास गाणी असत. गेलिक लोकगीतांचे थोर संग्राहक अलेक्झांडर कारमायकल यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संग्रहात अशी गाणी नोंदविली आहेत. गाईला तिच्या सवयीचे गाणे ऐकू आले नाही, तर ती पान्हा चोरी, असे तेथील स्त्रिया मानीत. जात्यावर ओवी म्हटल्यावाचून दळण सरत नाही, असे म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे सहज पटले असते. त्या झोपड्यांचे दगडी पाये आजही डोंगरात दिसतात. त्यांच्या भोवतीचे गवत शतकांच्या शेणखताने अधिक हिरवे राहिलेले असते.

उन्हाळा आल्हाददायक खरा, पण तो निर्वेध नसतो. वारा पडला की चिलटांचे ढग उठतात आणि माणसाला उघड्यावर उभे राहू देत नाहीत. गोचिडी असतात. जमिनीत तांबे, कोबाल्ट अशी द्रव्ये कमी पडतात, म्हणून गुरांना क्षारांचे चाटण द्यावे लागते. पावसात उघडीप मिळाली की बाकी सर्व कामे टाकून गवत कापावे लागते. ते वाळले तर उत्तम. नाहीतर ओलेच गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून मुरघास करावा लागतो. कुंपणाच्या भिंतीशी रचलेल्या त्या काळ्या गुंडाळ्या म्हणजे त्या घराची हिवाळ्याची पुंजी.

वळूचा प्रश्न गावाने मिळून सोडविलेला असतो. सहा गाईंसाठी वळू पाळणे एका घराला परवडत नाही. म्हणून शेतकऱ्यांच्या गटांना वळू भाड्याने पुरविण्याची सरकारी योजना तेथे आहे. हे वळू इन्व्हरनेसजवळ नॉकनागेल येथील सरकारी शेतावर सांभाळले जातात, आणि हंगामापुरते दूरदूरच्या गावांत पाठविले जातात. काही गावे हायलंड वळू मागतात, तर काही मुद्दाम शॉर्टहॉर्नसारख्या जातीचा मागतात. कारण संकरित वासरू लवकर वाढते आणि बाजारात त्याला दर बरा मिळतो. याच दोन जातींच्या संकरातून लुइंग बेटावर एक नवी जात तयार झाली, आणि १९६५ मध्ये तिला स्वतंत्र मान्यता मिळाली.

आश्विनातील हिशेब

ऑक्टोबर आला की घरात एक अवघड संध्याकाळ येते. चुलीजवळ बसून सारे हिशेब मांडतात. गवताच्या गुंडाळ्या इतक्या, गाई सहा, यंदाच्या दोन कालवडी. गोऱ्हे विकावयाचे, हे ठरलेलेच असते. पण वैरण एकाच कालवडीला पुरेल, तर दोहोंपैकी ठेवावयाची कोणती? आजीबाई म्हणतात, पट्टेरी ठेवा. तिची पणजी माझ्या लग्नाच्या वर्षी या घरात होती. मुलगा म्हणतो, तांबडी ठेवली तर तिची वासरे चांगल्या किमतीस जातील. लोकांना तांबडीच हवी असते. दोघांचेही म्हणणे खरे असते. ठेवलेल्या कालवडीचे पहिले वासरू बाजारात जाईपर्यंत चार वर्षे लोटतात. तेवढा काळ तिला पोसावयाचे असते. म्हणून हा निर्णय कोणी सहजासहजी घेत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही. तेथे ही गुरे आज मुख्यतः मांसासाठी पाळली जातात. आपल्याकडील पुष्कळांच्या भावनांना ही गोष्ट रुचणारी नाही. पण म्हणून त्या शेतकऱ्याला आपल्या गुरांचे काहीच वाटत नाही, असे समजणे अन्यायाचे होईल. ज्या गोऱ्ह्याला त्याने पावसात उभे राहून जन्मताना पाहिले, त्याला लिलावाच्या रिंगणात सोडताना त्याला आनंद होत नाही. पण त्या गोऱ्ह्याच्या किमतीवरच मागे राहिलेल्या सहा गाईंचा हिवाळा अवलंबून असतो, हेही त्याला विसरता येत नाही.

या व्यवसायावर बाहेरूनही आघात झाले. १९९६ मध्ये ब्रिटनमधील गुरांच्या मेंदूच्या रोगाने, ज्याला लोकांनी ‘मॅड काऊ’ असे नाव दिले, सर्वत्र घबराट उडविली. हा रोग गुरांच्या खुराकात जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा मिसळल्याने फैलावला होता. त्यावर उपाय म्हणून तीस महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या गुरांचे मांस विकण्यास बंदी आली, आणि ती २००५ पर्यंत राहिली. निवडक कळपांना त्यातून सवलत मिळाली. तरीही जी जात मुळातच सावकाश वाढते, तिला या नियमाची झळ अधिक लागली. मोठ्या गोठ्यांत खुराक चारून लवकर वाढविलेली गुरे वयाच्या मर्यादेत बसत. डोंगरावर गवत खाऊन वाढलेली हायलंड गुरे मात्र ती मर्यादा सहज ओलांडीत. २००१ मध्ये लाळ-खुरकूताची साथ आली. ती हायलंडपर्यंत पोचली नाही. पण गुरांची ने-आण थांबली आणि बाजार ओस पडले. अशा वर्षी गवत संपत येते, पण विक्री होत नाही. सहा गाईंच्या घराला असे एक वर्षही फार जड जाते.

याहून मोठा प्रश्न मात्र गवताचा नाही. तो माणसांचा आहे. समुद्रकाठच्या क्रॉफ्टला आज देखाव्यासाठी गिऱ्हाईक मिळते. दूरच्या शहरातील माणूस सुटीचे घर म्हणून जी किंमत देऊ शकतो, ती गावातील तरुण देऊ शकत नाही. क्रॉफ्टधारकाने क्रॉफ्टवर किंवा त्यापासून ३२ किलोमीटरच्या आत राहिले पाहिजे आणि जमीन वापरात ठेवली पाहिजे, असे २०१० च्या कायद्याने बजावले आहे. कायदा जमीन राखू शकतो. पण डिसेंबरातल्या अंधाऱ्या सकाळी बादली घेऊन चिखलात उतरणारे माणूस मात्र घरातूनच यावे लागते. शहरात शिकणारी नात परत येईल काय? तिला शिकून मिळणारे वेतन आणि या सहा गाईंचे उत्पन्न यांची तुलनाच होऊ शकत नाही. घरात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. ती सुटीत घरी येते तेव्हा आजीबाई तिला गाईंची नावे आणि त्यांच्या आयांची नावे पुन्हा एकदा सांगतात, एवढेच. वंशावळीच्या पुस्तकात असलेल्या त्या नावांचे गेलिक उच्चार मात्र पुस्तकावरून शिकता येत नाहीत.

गाय आणि रान

या काळोख्या चित्राला एक उजळ बाजूही आहे. ज्या राठ गवताकडे आणि नेच्याकडे मेंढ्या ढुंकून पाहत नाहीत, ते ही गाय खाते किंवा पायांखाली तुडविते. तिच्या वजनाने नेच्याचे रान मोडते, जमीन थोडी उघडी पडते आणि त्यात फुलझाडांचे बी रुजते. म्हणूनच निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्था आज आपल्या राखीव रानांत मुद्दाम हायलंड गाई चरावयास सोडतात. यूइस्ट बेटांच्या पश्चिमेस शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेली वाळूची सपाट, सुपीक पट्टी आहे. तिला ‘माकर’ म्हणतात. तेथील शेतकरी समुद्रशेवाळाचे खत घालून ओट, राय व बटाटे लावतात, आणि उन्हाळ्यात गुरे डोंगराकडे हलवून पिकांना व फुलांना मोकळीक देतात. त्या उंच गवतात, आफ्रिकेहून येणारा कॉर्नक्रेक नावाचा लाजाळू पक्षी घरटे करतो. ब्रिटनच्या इतर बहुतेक भागांतून यांत्रिक शेतीमुळे तो नाहीसा झाला. जेथे लहान शेती आणि गाई टिकल्या, तेथे तो टिकला. गाई नाहीशा झाल्या तर रानाचे भले होईल, हा समज या बेटांपुरता तरी खरा ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकापासून ही गाय कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे आणि युरोपातील अनेक देशांतही गेली. स्कॉटलंडमधील ओबन गावी भरणाऱ्या विक्रीच्या वेळी आजही दूरदूरचे शेतकरी येतात. त्या दिवसांत गाईंना धुऊन, विंचरून, केस फुलवून रिंगणात आणतात. आपल्याकडे बैलपोळ्याला शिंगे रंगविणाऱ्या शेतकऱ्याला त्या लोकांच्या हातांतील ब्रश पाहून हसू येणार नाही, अशी खात्री वाटते.

वाचकहो, कधी काळी आपणांस त्या मुलखात जाण्याचा योग आला, तर रस्त्याकडेला उभी असलेली हायलंड गाय आपले लक्ष वेधून घेईलच. तिचे छायाचित्र अवश्य घ्या. मात्र तिच्यात आणि तिच्या वासरात उभे राहू नका. तिला पाव-बिस्किटे चारू नका. आणि कुरणाचे फाटक ज्या स्थितीत आढळले, त्याच स्थितीत ठेवून पुढे जा. मुक्काम शक्य तर एखाद्या क्रॉफ्टवरच्या घरी करा. सकाळी न्याहारीच्या वेळी यजमानांना त्यांच्या गाईंची नावे विचारा. ते प्रथम जरा संकोचतील. मग एकेक नाव सांगू लागतील, आणि प्रत्येक नावाबरोबर तिच्या आईचे, आजीचे नाव येईल. त्यांच्या बसची वेळ होईपर्यंत ती यादी संपणार नाही.